बाहेरची थंडी आणि आतले पाणी : घरगुती बॉयलरच्या हवामानानुसारी नियंत्रणाची तुलना

ब्रिटनमधील बहुतेक घरे हिवाळ्यात नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या बॉयलरच्या आधाराने उबदार ठेवली जातात. बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाने नळ्यांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरांमध्ये खेळवले जाते, तेथे ते आपली उष्णता हवेला देते आणि निवून पुन्हा बॉयलरकडे परतते. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा बॉयलर, मोजके अपवाद वगळता, कंडेन्सिंग म्हणजे धुरातील वाफेचे पाणी करून तिची उष्णता परत मिळवणाऱ्या प्रकारचाच असावा, असा बांधकामविषयक नियम लागू झाला. त्यामुळे स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली पांढरी पेटी आज बहुधा याच जातीची असते. तिच्यासोबतचे लेबल नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेची ग्वाही देते. ही ग्वाही खरी ठरते की नाही, हे मात्र पेटीतील यंत्रापेक्षा रेडिएटरकडे किती गरम पाणी पाठवले जाते यावर अधिक अवलंबून असते, आणि ते ठरवण्याचे काम नियंत्रकाचे आहे.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन असून तो जळताना त्यातील हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पाणी तयार होते. एक किलो मिथेनमागे हे पाणी सुमारे सव्वादोन किलो भरते, म्हणजे एक घनमीटर वायूमागे दीड लिटरहून थोडे अधिक. ज्वाळेच्या उष्णतेने ते वाफेच्या रूपातच धुरात मिसळते, आणि वाफ होताना त्याने शोषलेली उष्णता, जिला अप्रकट उष्मा म्हणतात, ती इंधनातील एकूण उष्णतेच्या जवळजवळ एक दशांश असते. जुन्या पद्धतीचे बॉयलर हा दशांश धुराड्यातून आकाशात सोडून देत. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून दव जमते, त्याच न्यायाने धूर पुरेशा थंड पृष्ठभागाला लागला की त्यातील वाफेचे पाणी होते आणि अडकलेली उष्णता मोकळी होते. हा पृष्ठभाग बॉयलरमध्ये रेडिएटरकडून परतणाऱ्या पाण्यानेच थंड राहतो. नैसर्गिक वायूच्या धुराचा दवबिंदू, म्हणजे वाफेचे पाणी होऊ लागण्याचे तापमान, साधारण ५५ अंश सेल्सिअस असल्यामुळे परतणारे पाणी त्याहून गरम असेल तर कंडेन्सिंग बॉयलर नावापुरताच कंडेन्सिंग उरतो.

५५ अंश ही केवळ सुरुवातीची रेषा आहे, हे येथे विसरून चालत नाही. पाणी ५३ अंशांवर परतले तर वाफेचा थोडासाच भाग पाण्यात बदलतो. ४० अंशांवर परतले तर बराच मोठा, आणि ३० अंशांच्या आसपास तो बहुतांशी हाती लागतो. हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. बॉयलरच्या खालून एक बारीक प्लास्टिकची नळी निघून मोरीकडे किंवा बाहेरच्या गटाराकडे जाते. तिच्यातून वाहणारे किंचित आम्लयुक्त पाणी हेच वसूल झालेल्या उष्णतेचे प्रमाण होय, आणि बॉयलर तासभर पेटलेला असूनही ती कोरडी राहत असेल तर घरमालक ज्या गुणासाठी पैसे मोजून बसला आहे तो गुण वापरलाच जात नाही, असे खुशाल समजावे. (डिसेंबर २०१० च्या कडक थंडीत घराबाहेरून नेलेल्या अशा असंख्य नळ्या गोठल्या आणि बॉयलर बंद पडले, तेव्हापासून ही नळी जाड घेण्याचा आणि शक्य तितकी घराच्या आतून नेण्याचा आग्रह धरला जातो.)

ब्रिटनमधील जुनी रेडिएटर-व्यवस्था ८२ अंशांचे पाणी पाठवून ७१ अंशांवर परत घेण्याच्या हिशेबाने आखली जात असे. त्या काळातील ओतीव लोखंडाच्या बॉयलरांना संघनन, म्हणजे धुरातील वाफेचे पाणी होणे, वर्ज्यच होते, कारण आम्लयुक्त पाण्याने ते गंजत. त्यामुळे परतणारे पाणी गरम ठेवणे हे त्या वेळी शहाणपणाचे होते. यंत्र बदलले, पण सवय तशीच राहिली. नवा बॉयलर बसवून देणारा कारागीर पाण्याचे तापमान ७५ किंवा ८० अंशांवर ठेवून जातो, दिवाणखान्यातील थर्मोस्टॅट खोली गार झाली की बॉयलर चालू करतो आणि उबली की बंद करतो. चालू होण्याच्या पहिल्या काही मिनिटांत रेडिएटर गार असल्याने थोडे संघनन होते, पण व्यवस्था तापली की ते थांबते. घर उबदार राहते, कोणाचीही तक्रार येत नाही आणि म्हणूनच हा तोटा वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

तो किती अनावश्यक आहे, हे एका नमुना घरावरून पाहता येईल. घरात २० अंश हवे आहेत, बाहेर उणे ३ अंश असताना भिंती, खिडक्या आणि फटींवाटे ६ किलोवॉट उष्णता निसटते, आणि त्या दिवशी रेडिएटरांना ६५ अंशांचे पाणी देऊन ते ५५ अंशांवर परतते, असे धरू. बाहेर ७ अंश असतील तेव्हा आत-बाहेरचा फरक २३ वरून १३ अंशांवर येतो आणि गळतीही सुमारे ३.४ किलोवॉटपर्यंत उतरते. रेडिएटरची उष्णता देण्याची क्षमता पाणी आणि खोली यांच्या तापमानातील फरकाच्या साधारण १.३ व्या घाताने बदलत असल्यामुळे आता ४९ अंशांच्या आसपासचे पाणी पुरते आणि ते ४३ अंशांवर परतते. बाहेर १२ अंश असतील तर जेमतेम ४० अंशांवर भागते. ब्रिटनच्या हिवाळ्यातील बहुतांश दिवस उणे ३ चे नसतात. ते ५ ते १० अंशांच्या ओलसर, करड्या हवेचे असतात. म्हणजे रेडिएटर न बदलताही हे घर मोसमाचा फार मोठा काळ दवबिंदूच्या बऱ्याच खालच्या पाण्यावर चालू शकते, फक्त रोजच्या हवेप्रमाणे पाण्याचे तापमान कोणीतरी बदलत राहिले पाहिजे.

हे काम करणाऱ्या व्यवस्थेला वेदर कॉम्पेन्सेशन म्हणजे हवामानानुसारी नियंत्रण म्हणतात. घराच्या बाहेरच्या भिंतीवर एक छोटी डबी बसवली जाते; तिच्यात तापमानाप्रमाणे विद्युत रोध बदलणारा घटक असतो. बॉयलरचा नियंत्रक ते तापमान वाचतो आणि आपल्यात साठवलेल्या तापन-वक्रावरून त्या क्षणी किती अंशांचे पाणी पाठवायचे ते ठरवतो. तापन-वक्र म्हणजे बाहेरचे तापमान आणि पाठवायच्या पाण्याचे तापमान यांची सांगड घालणारी रेषा. रेडिएटरच्या वर सांगितलेल्या स्वभावामुळे ती सरळ नसून किंचित वाकलेली असते. बहुतेक नियंत्रकांत तिच्यासाठी दोन मापे असतात. उतार हे पहिले : थंडी एका अंशाने वाढली तर पाणी किती अंशांनी तापवायचे ते त्यावर ठरते. पातळी हे दुसरे : ती बदलली की सगळी रेषा जशीच्या तशी वर किंवा खाली सरकते.

या दोन मापांची जुळणी हाच हवामानानुसारी नियंत्रणाचा प्राण आहे आणि दुर्दैवाने तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. कारखान्यातून येणारा उतार कोणत्याही घराला थंडी वाजू नये अशा बेताने चढा ठेवलेला असतो, म्हणून तो तसाच सोडणे म्हणजे निम्मा लाभ गमावणे होय. जुळणीची रीत अवघड नाही, तिला फक्त धीर लागतो. हवा सौम्य असताना घर ठीक राहते पण कडाक्याच्या थंडीत गार पडते, तेव्हा उतार वाढवावा. सर्वच दिवसांत सारखेच गार वाटत असेल तर पातळी उचलावी. सौम्य दिवसांत गार आणि कडक थंडीत ठीक असेल तर उतार कमी करून पातळी वाढवावी. एका वेळी एकच माप थोडेसे बदलून दोनतीन दिवस थांबावे लागते, कारण विटांच्या भिंतींना नव्या तापमानाशी जुळायला वेळ लागतो. त्या काळात रेडिएटरवरील थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवावेत. नाहीतर रेषा चुकली आहे की व्हॉल्व्हने पाणी अडवले आहे, हे कळायला मार्ग राहत नाही. डबीची जागाही महत्त्वाची आहे. ती उत्तरेकडील भिंतीवर, खिडकी, दार आणि धुराड्याच्या तोंडापासून दूर असावी, कारण दुपारचे ऊन डबीवर पडले तर नियंत्रकाला बाहेर वसंत आल्याचा भास होतो आणि घर गारठते.

बाहेरची डबी थंडी ओळखते, पण घरात काय चालले आहे ते तिला दिसत नाही. दक्षिणेकडील खिडकीतून ऊन आत आले, ओव्हन दोन तास चालला, दहा माणसे जेवायला जमली, तरी ती पूर्वीइतकेच गरम पाणी मागत राहते. याच्या नेमकी उलट बाजू लोड कॉम्पेन्सेशन म्हणजे मागणीनुसारी नियंत्रणाची आहे. त्यात बाहेर डबी नसते. खोलीतील नियंत्रक हवे असलेले आणि प्रत्यक्षातील तापमान यांतील अंतर मोजतो, अंतर मोठे असेल तर गरम पाणी मागतो आणि ते मिटत येईल तसतसे पाणी कोमट करतो. त्याला ऊन, ओव्हन आणि पाहुणे सगळे जाणवतात, मात्र फक्त ज्या खोलीत तो टांगलेला आहे तेथले. त्या खोलीत शेकोटी पेटवली तर वरच्या मजल्यावरील शयनगृहे गारठतात. शिवाय खोली गार पडल्याखेरीज तो हलत नाही, तर बाहेरची डबी थंडी भिंतींतून आत झिरपण्यापूर्वीच पाणी तापवू लागते.

म्हणूनच दोहोंचा संयोग सर्वांत समाधानकारक ठरतो : पाण्याचे मूळ तापमान बाहेरच्या हवेवरून ठरवायचे आणि खोलीच्या नोंदीवरून त्यात थोडीशी दुरुस्ती करायची. व्हेलंट या कंपनीच्या सेन्सोकम्फर्ट नियंत्रकात ही दुरुस्ती अजिबात नको, फक्त पाण्याचे तापमान कमी-जास्त करण्यापुरती हवी, की खोली फार उबल्यास बॉयलर बंद करण्यापर्यंत हवी, अशी निवड करता येते. बहुतेक घरांसाठी मधला पर्याय योग्य, कारण खोलीला फार अधिकार दिला की ती बाहेरच्या डबीवर कुरघोडी करते आणि व्यवस्था पुन्हा जुन्या चालू-बंदच्या मार्गाला लागते.

युरोपीय संघाच्या ८११/२०१३ या क्रमांकाच्या ऊर्जा-लेबल नियमावलीने नियंत्रकांचे आठ वर्ग पाडले असून प्रत्येकाला ठरावीक गुण दिले आहेत. साध्या चालू-बंद थर्मोस्टॅटला १ टक्का, ज्योत कमी-जास्त करू शकणाऱ्या बॉयलरला जोडलेल्या केवळ हवामानानुसारी नियंत्रकाला २, तशाच बॉयलरच्या खोलीनिष्ठ नियंत्रकाला ३, हवामान आणि खोली या दोहोंच्या संयोगाला ४ आणि अनेक खोल्यांत सेन्सर असलेल्या व्यवस्थेला ५ टक्के. हे आकडे लेबलावरील बेरजेसाठी आहेत. कोणा एका घरात मोजलेली बचत म्हणून ते वाचू नयेत. ८० अंशांवर चालणाऱ्या घरात पाणी ४५ अंशांवर आणले तर होणारा लाभ दोन टक्क्यांत मावत नाही, आणि आधीच ५० अंशांवर स्थिर ठेवलेल्या घरात तोच नियंत्रक फारशी भर घालत नाही. अनेक खोल्यांच्या व्यवस्थेला सर्वोच्च गुण मिळणे तर जपूनच घ्यावे, कारण एक खोली चालू आणि चार बंद अशा घरात थोड्या रेडिएटरांवर सगळा भार येतो आणि त्यांना अधिक गरम पाणी लागते.

नियंत्रक किती हुशार आहे यापेक्षा तो बॉयलरशी कोणत्या भाषेत बोलतो, हा प्रश्न खरेदीच्या वेळी अधिक मोलाचा आहे. ब्रिटनमध्ये परंपरेने थर्मोस्टॅट २३० व्होल्टची तार जोडतो किंवा तोडतो. या भाषेत ‘पेट’ आणि ‘विझ’ एवढे दोनच शब्द आहेत, ‘४६ अंशांचे पाणी दे’ हे तीत सांगताच येत नाही. अशा तारेवर जोडलेला महागडा स्मार्ट थर्मोस्टॅट फार तर दर दहा मिनिटांच्या फेरीत बॉयलर किती वेळ पेटवायचा याचे गणित करतो. खोलीचे तापमान त्यामुळे स्थिर राहते, पण पाणी गरम ते गरमच. तापमान सांगता येईल अशी भाषा म्हणजे अंकीय संदेशवहन. नेदरलँड्समधून १९९०च्या दशकात पुढे आलेली ओपनथर्म ही पद्धत दोन साध्या तारांवर चालते आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे बॉयलर आणि नियंत्रक तिच्यामुळे जोडता येतात. व्हेलंट ई-बस आणि वूस्टर बॉश ईएमएस या आपापल्या पद्धती वापरतात. व्हिसमनच्या व्हिटोडेन्ससारख्या बॉयलरांना बाहेरची डबी थेट जोडता येते, वक्र बॉयलरच्याच मेंदूत असतो आणि वेगळा नियंत्रक नसला तरी चालते. भाषांची ही बेबंदी ग्राहकाच्या मुळावर येते, कारण दुकानातील खोक्यावर ‘कंडेन्सिंग बॉयलरसाठी योग्य’ असे छापलेले असते आणि जोडणी मात्र त्याच जुन्या दोन शब्दांच्या तारेवर होते.

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या बॉयलर प्लस या नियमांनी कॉम्बी बॉयलर, म्हणजे टाकीशिवाय नळाचे गरम पाणीही तापवणारा बॉयलर, बसवताना चारपैकी एक जास्तीची सोय सक्तीची केली : धुरातील उष्णता परत घेणारे साधन, हवामानानुसारी नियंत्रण, मागणीनुसारी नियंत्रण, किंवा स्वयंचलन आणि इष्टतमीकरण करणारा स्मार्ट नियंत्रक. हेतू चांगला होता. पण चारही पर्याय एकाच पंक्तीत बसवल्यामुळे बसवणाऱ्याने सर्वांत सोपा निवडावा हे ओघानेच आले, आणि सर्वांत सोपा पर्याय म्हणजे चालू-बंदच्या तारेवरील स्मार्ट थर्मोस्टॅट. पाण्याचे तापमान खाली आणण्याची अट त्या नियमांतच असती तर त्यांचे फळ वेगळे दिसले असते. ती अट पुढे वेगळ्या वाटेने आली : १५ जून २०२२ पासून इंग्लंडमध्ये संपूर्ण नवी किंवा पूर्णपणे बदललेली पाण्याची तापन-व्यवस्था शक्य तेथे ५५ अंश किंवा त्याखालच्या पाण्यावर चालेल अशी आखावी लागते.

टाकी असलेल्या घरांत आणखी एक अडचण असते. टाकीतील पाणी लिजिओनेला जिवाणूंच्या धोक्यामुळे सुमारे ६० अंशांपर्यंत तापवावे लागते, तर रेडिएटरांना ४५ पुरतात. कॉम्बी बॉयलरला नळ उघडल्याचे स्वतःच कळते, म्हणून तो दोन तापमाने सहज सांभाळतो. पण एस-प्लॅन आणि वाय-प्लॅन या ब्रिटनमधील प्रचलित जोडण्यांत टाकी आणि रेडिएटर या दोघांची मागणी एकाच तारेवरून येते. मागणारा कोण हे बॉयलरला कळत नाही आणि तो दोघांनाही गरमच पाणी देतो. यावरचा उपाय म्हणजे गरम पाण्याला अग्रक्रम देणारी जोडणी : टाकी तापत असताना रेडिएटर थांबतात, टाकी तापली की पाणी पुन्हा वक्रावर उतरते. तारांची ही फेरजोडणी करण्याची तयारी नसलेला कारागीर टाकीच्या घरात हवामानानुसारी नियंत्रण नको म्हणतो, यात नवल नाही.

बॉयलरचा आकारही आड येतो. २४ किलोवॉटचा बॉयलर ५ किलोवॉटखाली ज्योत उतरवू शकत नसेल आणि घराला २ किलोवॉटच हवे असतील, तर कोमट पाणी लगेच तापून बॉयलर विझतो आणि पुन्हा पेटतो. प्रत्येक वेळी थोडा वायू आणि थोडे यंत्राचे आयुष्य खर्ची पडते. उंच कमाल आकड्यापेक्षा खालचा किमान आकडा पाहून बॉयलर निवडणे त्यामुळे शहाणपणाचे. तसेच व्हॉल्व्ह बंद झाल्यावर गरम पाणी रेडिएटरांत न जाता थेट परतीच्या नळीत सोडणारी बायपास वाट अनेक घरांत असते आणि तीही परतणारे पाणी गरम करून संघननाचा घात करते.

सर्वांत खोल विरोध मात्र यंत्रांत नसून दिनक्रमात आहे. ब्रिटिश कुटुंबे परंपरेने सकाळी दोन तास आणि संध्याकाळी पाचसहा तास घर तापवतात आणि मधल्या वेळी बॉयलर बंद ठेवतात. तापन-वक्र घराची चालू गळती भरून काढण्याइतकेच पाणी तापवतो. रात्रभर गारठलेल्या भिंती तासाभरात उबवण्याइतकी ताकद त्याच्याजवळ नसते. म्हणून हे नियंत्रण रात्री पूर्ण बंद करण्याऐवजी दोनतीन अंश उतरवून चालू ठेवावे लागते. दिवसभर माणसे असलेल्या, बऱ्यापैकी उष्णतारोधक घरात ही रीत निःसंशय फायद्याची आहे. गळक्या घरात, जेथे कुटुंब दिवसाचे दहा तास बाहेर असते, तेथे बंद ठेवण्यातली बचत मोठी भरू शकते आणि अशा घराला मागणीनुसारी नियंत्रण अधिक मानवते. जर्मनीत ही निवड फारशी चर्चेत येत नाही, कारण मध्यवर्ती तापन-व्यवस्थेने बाहेरच्या तापमानानुसार किंवा तशाच योग्य मापानुसार उष्णता आपोआप कमी करावी, अशी तेथील कायद्याची अपेक्षाच आहे आणि कारागिरांच्या दोन पिढ्या त्यात वाढल्या आहेत.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसह ज्या कोणाच्या घरी अशी पेटी भिंतीवर आहे, त्यांनी नव्या नियंत्रकावर पैसे खर्च करण्याआधी रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान आजच ६० अंशांवर आणावे. कॉम्बी बॉयलरवर हे एका बटणाचे काम आहे आणि त्याला खर्च नाही. टाकीच्या घरात मात्र टाकी ६० अंशांपर्यंत तापते आहे याची खात्री करूनच ते करावे. नवा बॉयलर घेताना किंमतपत्रकात तीन गोष्टी लेखी मागाव्यात : बाहेरच्या तापमानाचा सेन्सर, नियंत्रक आणि बॉयलर यांच्यातील अंकीय जोडणी, आणि थंडी पडल्यावर एकदा येऊन तापन-वक्र जुळवून देण्याची हमी. तिसरी गोष्ट देण्यास नकार देणाऱ्याला काम देऊ नये.